गॅरेजच्या उजेडाचा सखोल अभ्यास

अपघाताचं मूळ कारण अपुरा उजेड असतं आणि अपुऱ्या उजेडाचं मूळ कारण अपुरा अभ्यास. कारखान्यांच्या सुरक्षिततेची तपासणी करण्यात एकतीस वर्षं घालवून निवृत्त झालेल्या निरीक्षकांना हे तोंडपाठ होतं. म्हणूनच दोन वर्षांपूर्वी घरच्या गाडीच्या डाव्या दारावर ओरखडा सापडला, तेव्हा त्यांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी वही काढली.

ओरखडा सुनेकडून झाला, हे चौकशीआधीच निष्पन्न झालं होतं. (घरात गाडी चालवणाऱ्या व्यक्ती दोन, त्यांपैकी एक स्वतः चौकशी अधिकारी.) "बाबा, मी नाही घासली," असं तिने सांगितलं. वहीत त्याची नोंद 'घटना तिला दिसलीच नाही' अशी झाली. आणि दिसणार तरी कशी? गॅरेजात एकच चाळीसचा बल्ब, तोही जळमटांत. दोष तिचा नव्हे, उजेडाचा, असं निरीक्षकांनी मोठ्या मनाने जाहीर केलं आणि उजेड समाधानकारक होईपर्यंत गाडीची किल्ली आपल्या खिशात ठेवली. तेव्हापासून सून दोन बस बदलून दवाखान्यात कामाला जाते.

अभ्यास मात्र कसून चालला. निरीक्षक वर्तमानपत्र घेऊन गॅरेजच्या चारही कोपऱ्यांत उभे राहिले. मथळा तीन कोपऱ्यांत वाचता आला, बारीक अक्षरातल्या जाहिराती एकातही नाही. रंगाचे डबे, शिडी आणि जुनी सायकल यांवर नडगी आपटण्याचे प्रसंग वर्षाला सरासरी चौदा (पैकी तेरा खुद्द निरीक्षकांचे, ते 'प्रात्यक्षिक' या सदरात). गाडी आत घेताना डावीकडून येणाऱ्या कर्र आवाजाचाही वहीत उल्लेख आहे. हा गिअरबॉक्सचा दोष असून तो आजवरच्या तिन्ही गाड्यांत आढळला. गाड्या बनवणारे हल्ली लक्षच देत नाहीत.

चौथं सर्वेक्षण सुरू होणार, तोच सासूबाईंनी परस्पर वायरमन बोलावला.

"दोन वर्षांत तुम्ही काय दिवे लावलेत ते पाहिलं," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आता याला लावू द्या."

दुपारपर्यंत सहा ट्यूब लागल्या. वायरमनने बटण दाबलं आणि सगळे डाव्या खांबाकडे बघत राहिले. खांबावर दाराच्या उंचीला करडा रंग घासलेला होता, आताच्या गाडीचा. त्याखाली मरून, आधीच्या गाडीचा. त्याखाली पिवळा, पहिल्या गाडीचा. ती विकली तेव्हा सून शाळेत होती.

"साहेब, खांब जुन्या ओळखीचा दिसतोय तुमच्या," वायरमन शिडीवरून म्हणाला.

सुनेचे डोळे भरून आले, रागानेच. तिने हात पुढे केला. निरीक्षकांनी खिशातून किल्ली काढून दिली. गाडी एकदाही कर्र न करता बाहेर पडली. गिअरबॉक्स आपोआप बरा झाला होता.

वहीतली शेवटची नोंद अशी: 'उजेड गरजेपेक्षा जास्त. डावीकडच्या दोन ट्यूब काढाव्यात.' हा प्रस्ताव एकाविरुद्ध तीन मतांनी फेटाळला गेला. (मुलगा तटस्थ राहिला; तिसरं मत वायरमनचं.)

ज्या वाचकांकडे गॅरेज नाही त्यांनी निर्धास्त राहू नये. आपल्या घरात ज्याच्या हातून कधीच काही चुकत नाही, असं माणूस आठवावं आणि त्याच्या बाजूचा बल्ब बदलून बघावा. कितीही आठवून असं कुणी आठवलं नाही, तर मात्र बल्बला हात लावू नये.