न बघितलेलं अप्पा काढत नाहीत

मन्मथअप्पा शेट्यांनी चाळीस वर्षांत एकदाही समुद्र काढला नाही, कारण त्यांनी समुद्र बघितलेला नाही. पुण्याच्या एका मासिकानं एकदा कोकणातल्या कोळणीची कथा चित्रासाठी त्यांच्याकडं पाठवली. अप्पांनी कोळीण काढली, टोपली काढली, टोपलीतले मासे काढले, आणि मागं गोदावरीचं पात्र काढलं. पाणी कमी, वाळू जास्त, आणि वाळूत एक जेसीबी. चित्र पोचल्यावर संपादकांचा फोन आला. अप्पांकडं तेव्हा फोन नव्हता, म्हणून तो माझ्या दुकानात आला.

"अहो, कथेत समुद्र आहे! समुद्र कुठाय?"

अप्पा शांतपणे म्हणाले, "मी बघितलेला न्हाई साहेब. तुमी बघितलाय ना? मग तेवढा तुमी काढा."

अंक निघायला चार दिवस राहिले होते. कोळीण जेसीबीसकट छापून आली.

माझं गेवराईत बसस्टँडसमोर डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पासपोर्ट फोटो, ऑनलाइन फॉर्म आणि मुख्य म्हणजे वाढदिवसाचे फ्लेक्स. आमच्या भागात माणसाला नोकरी नसली तरी चालते, पण चौकात त्याचा वाढदिवस लागावा लागतो. खाली पन्नास शुभेच्छुकांची मुंडकी चिकटवता चिकटवता माझे केस गेले. अप्पा कॉम्प्युटरला हात लावत नाहीत. चित्र कागदावर काढायचं, दोन पुठ्ठ्यांत घालून आणायचं, आणि मी ते स्कॅन करून पाठवायचं, असा आमचा वीस वर्षांचा रिवाज आहे. पुस्तकांची मुखपृष्ठं, दिवाळी अंकातली कथाचित्रं, चहाच्या पुड्या, डाळीची पाकिटं, पतसंस्थांची बोधचिन्हं, सगळं त्यांनी केलं. नोकरी मात्र कुठंच केली नाही. वडिलांचं किराणा दुकान धाकट्या भावानं सांभाळलं. अप्पा तिथं पोत्यावर बसून गिऱ्हाइकांची चित्रं काढायचे, आणि गिऱ्हाइकं आपलं नाक बघून दुकान बदलायची.

"न बघता काढायला मी काय देव हाय?" हे त्यांचं पालुपद. आता देवाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. एका गृहस्थांना मुलीच्या लग्नपत्रिकेवर छापील गणपती नको होता, हातानं काढलेला पाहिजे होता. अप्पा चतुर्थीला लिंबागणेशला गेले आणि तीन तास रांगेत उभं राहून आले. दुसऱ्या दिवशी चित्र आणलं. त्यात डावीकडून निम्मा गणपती होता. उजवीकडचा निम्मा एका पटक्यामागं होता.

"फुडं एक लई उंच माणूस होता," अप्पा म्हणाले.

मुलीचा बाप मला बोलला. कारण अप्पांना बोलून उपयोग नसतो, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे.

ब्रँडिंगवाल्यांची तर अप्पांनी पार हौस फेडली. एका युवा मंचाला वाघाचं चिन्ह हवं होतं. अप्पा एसटीनं संभाजीनगरला गेले, दोन दिवस पिंजऱ्यासमोर बसले आणि वाघ घेऊन आले. गळ्यात मफलर घातलेले चार कार्यकर्ते माझ्या टेबलाभोवती उभे राहून बघायला लागले.

"अप्पा, ह्यो झोपलाय कावून?"

"मी दोन दिवस गेलतो. दोन्ही दिवस झोपलेलाच होता."

"आवो, आमाला डरकाळी फोडणारा पाह्यजे."

"मग तो फोडील तवा मला कळवा. परत जातो."

तुरडाळीच्या पाकिटासाठी एका कंपनीला हसरा शेतकरी पाहिजे होता. तो मात्र अप्पांनी चटकन काढून दिला. चित्र जिवंत होतं. गडी पोट धरून हसत होता. कंपनीचा माणूस खूश झाला, आणि मग त्यानं सहज विचारलं की हा एवढा कशाला हसतोय. अप्पा म्हणाले, "शेजाऱ्याच्या हिरीवरची मोटार जळाली म्हणून." ते पाकीट निघालं नाही.

तुम्ही हसाल. मीही वीस वर्षं हसलो. पण असा माणूस रोज समोर बसलेला असला की कधीतरी घाम फुटतो. तो तुमच्याकडं बघत असतो, आणि जे बघतो ते कधी ना कधी कागदावर येतं. माझ्या सासूबाई एका बालपुस्तकात चेटकीण होऊन गेल्या. त्यांनी मला अजून माफ केलेलं नाही. अप्पांच्या डोक्यात एकच हिशोब, चित्र खरं पाहिजे. ज्याचं काढलं त्याला काय वाटेल हा प्रश्न त्यांना पडत नसे. आणि आम्ही सगळे त्याला कलावंताचा स्वभाव म्हणून कौतुक करत होतो. त्या कौतुकाची मला आता चीड येते.

अप्पांची बायको लवकर गेली. गिरिजा ही एकुलती एक. तिला तेलगावला दिली होती. लग्नाला दोन वर्षं होतायत न होतायत तोच नवऱ्यानं माहेरी आणून सोडली. भांडण काय होतं ते कुणी नीट सांगितलं नाही. गिरिजा चार महिने अप्पांकडं राहिली, पण तिनं बॅग उघडून कपडे कपाटात लावले नाहीत. साडी धुवायची, वाळवायची, घडी करायची आणि परत बॅगेत ठेवायची. बॅगेचा एक बंद तुटला होता, तिथं तिनं सासरी असतानाच लाल रिबीन बांधली होती. समाजातली दोन मोठी माणसं मध्ये पडून बोलणी करत होती, आणि पोरगी बॅग भरून बसली होती.

त्याच वेळी एका दिवाळी अंकाकडून कथा आली. नवऱ्यानं टाकलेल्या बाईची.

अप्पांनी पुठ्ठा उघडला तेव्हा मी चहा पीत होतो. उंबऱ्यापाशी बसलेली बाई, शेजारी बॅग, बंदाला रिबीन. चेहरा गिरिजाचा. नुसता नाही, हुबेहूब. कुणी बघत नसताना माणसाचा चेहरा जसा सुटतो, तसा सुटलेला. असं चित्र अप्पांनी आधी काढलं नव्हतं आणि नंतरही नाही. मी ओळखलं होतं. एक शब्द बोललो असतो तर ते थांबले असते की नाही माहीत नाही, पण मी बोललोच नाही. "अप्पा, कमाल केली" म्हणालो, आणि मशीनवर ठेवून पाठवून दिलं.

अंक तेलगावला कोण घेतो? पण तिथल्या एका मास्तरानं घेतला होता. त्यानं पानाचा फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत गिरिजाच्या सासरच्या गल्लीतल्या बायका रिबीन ओळखून मोकळ्या झाल्या. बोलणी तिथंच मोडली. सासरचे म्हणाले, "तुमीच छापून आणलंय टाकलेली म्हणून. आता न्यायची कशाला?"

त्याचं गिरिजाला फार वाटलं असं मला दिसलं नाही. तो नवरा सुटला ते बरंच झालं. ती माझ्या दुकानात आली, अंक मागितला, ते पान उभ्याउभ्या बघितलं. अप्पा शेजारीच बसले होते. ती म्हणाली, "अप्पा, मला इचारायचं तरी."

अप्पा म्हणाले, "इचारलं असतं तर तू तशी बसली नसतीस."

खरं होतं ते. म्हणूनच जास्त वाईट होतं. दुसऱ्या दिवशी ती भरलेली बॅग घेऊन पुण्याला मावशीकडं गेली. त्या चित्राला पुढं एका संस्थेचं बक्षीस मिळालं. शाल आणि नारळ घेऊन अप्पा एकटेच एसटीनं परत आले.

याला नऊ वर्षं झाली. गिरिजानं तिकडं नोकरी धरली, दुसरं लग्न केलं, तिला मुलगी झाली. हे मला कळतं, कारण कधीतरी तिला जुनी मार्कलिस्ट, टीसी असं काही लागलं की ती मला मेसेज करते. अप्पांना ते ठाऊक होतं; मुलगी झाली तेवढं मी आपणहून सांगितलं होतं. त्यांनी नऊ वर्षांत एकदाही विचारलं नाही की काय म्हणाली. या दुःखानं त्यांचा स्वभाव निवळला असेल असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं काही झालं नाही. ते आणखी तिरसट झाले. कामंही आटली. मासिकं बंद पडली. जी राहिली त्यांना चित्र दुपारी सांगितलं की संध्याकाळी पाहिजे. आता तर कॉम्प्युटरला दोन ओळी लिहून दिल्या की तो समुद्र काढतो, वाघ काढतो, आणि त्यातलं त्यानं काहीच बघितलेलं नसतं. मी स्वतः फ्लेक्सवर तेच वापरतो. अप्पा समोर असले की स्क्रीन थोडी वळवतो.

गेल्या पावसाळ्यात पुण्याच्या एका प्रकाशकाकडून मुलांच्या पुस्तकाचं काम आलं. आजोबा आणि नात, चोवीस पानं, पानापानावर चित्र. तीन वर्षांत असं धडाचं काम आलं नव्हतं. संपादकबाईंनी नम्रपणे लिहिलं होतं की तुम्हाला जमणार नसेल तर तसं कळवा, आम्ही चित्रं कॉम्प्युटरवर करून घेऊ. मी आनंदानं वाचून दाखवलं. अप्पांनी बोटांवर काहीतरी मोजलं.

"पाच वर्षांची हाय पोरगी," ते म्हणाले.

"पुस्तकातली?"

"गिरिजाची."

मी म्हणालो, "फोटो मागवू का?"

"फोटो नको. गिरिजाला इचार, येऊन बघू का पोरीला. काढू का तिला, पुस्तकासाठी. न्हाई म्हणाली तर न्हाई."

वीस वर्षांत अप्पांनी कुणाला 'काढू का' असं विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. मी मेसेज लिहिला, त्यांना वाचून दाखवला, पाठवला. दोन निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर चार दिवसांनी आलं. "नको, सुधाकरदादा. माझ्या लेकीला कुणी छापायला नको."

अप्पांनी मान हलवली. म्हणाले, "प्रकाशकाला कळव, जमत न्हाई."

माझं डोकं फिरलं. "आवो अप्पा, गल्लीत पंधरा पोरी खेळतायत! कुणाची बी काढा ना. गिरिजाला पुण्यात काय कळतंय? हातचं काम घालवताय कावून?"

"कुणाची बी काढाय बसलो तरी हातातून तिचीच उतरंल," अप्पा म्हणाले. "बघितलेली नसली तरी. आन गिरिजा नको म्हणलीय."

मी प्रकाशकांना नकार कळवला. मग रागारागानं गिरिजालाही सगळं लिहिलं. काम काय होतं, का सोडलं, काय म्हणाले, सगळं. मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मला राग नेमका कुणाचा आला होता तेही मला सांगता येणार नाही. आठ दिवस काही नाही. नवव्या दिवशी तिचा मेसेज आला, "अप्पा आता कसे दिसतात?"

मी लिहायला बसलो. 'म्हातारे झालेत' लिहिलं, खोडलं. 'बारीक झालेत' लिहिलं, तेही खोडलं. वीस वर्षं हा माणूस माझ्या समोरच्या खुर्चीत बसतोय, आणि त्याचा भांग कुठल्या बाजूला आहे हेसुद्धा मला सांगता येईना. शेवटी मोबाइल अप्पांपुढं धरला. त्यांनी वाचलं. मी म्हणालो, इकडं बघा, फोटो काढतो. त्यांनी माझा हात खाली केला आणि कागद मागितला.

पासपोर्ट फोटोआधी गिऱ्हाइकांनी केस विंचरावेत म्हणून माझ्याकडं एक आरसा टांगलेला आहे. अप्पा त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसले. तासभर पेन्सिल चालली. तीन गिऱ्हाइकं मी परत पाठवली. चित्रात गळ्याची लोंबलेली कातडी होती, मोतीबिंदूनं पांढरा पडलेला डावा डोळा होता, एक घर चुकून लावलेली शर्टाची बटणं होती, आणि गालांवर वाढलेले आठ दिवसांचे पांढरे खुंट होते. अप्पांनी स्वतःला कसलीच सूट दिली नव्हती. मला त्या कागदाकडं बघवेना.

मी तो मशीनवर ठेवायला गेलो तर म्हणाले, "थांब. पाठवू का म्हणून आधी इचार."

मी विचारलं. मिनिटभरात उत्तर आलं, "पाठवा."

पाठवलं. वर 'टायपिंग' दिसायला लागलं, बंद झालं, परत दिसलं, परत बंद झालं. आम्ही दोघं त्या मोबाइलकडं बघत बसलो. पंधरा-वीस मिनिटांनी एक ओळ आली.

"दाढी करायला सांगा त्यांना."

मी वाचून दाखवलं. अप्पांनी पुन्हा वाचायला लावलं. मग चष्मा पुसला, मोबाइल स्वतःच्या हातात घेतला आणि ओठ हलवत तेवढीच ओळ वाचत राहिले.

पुढं काही आलं नाही. आज दीड महिना होत आला. मी तिला लिहीत नाही, आणि अप्पा मला काही विचारत नाहीत. फक्त तेव्हापासून ते रोज सकाळी दाढी करून दुकानात येतात.