धावदोऱ्यावरचा काळा कोट

वकिलीच्या शिक्षणाच्या पहिल्या वर्षी मूट कोर्टाच्या वाटेला जायचं नाही, हा निर्णय मी इतक्या थंड डोक्याने घेतला की माझं मलाच कौतुक वाटलं. मूट म्हणजे खोटा खटला. पक्षकार कागदावरचे, न्यायाधीशाच्या खुर्चीत आपलेच प्राध्यापक आणि वकील म्हणून आपण विद्यार्थी. मी म्हटलं, आधी कायदा शिकावा, मग तोंड उघडावं. किती समंजस मुलगी!

खरं कारण निराळं होतं. घरात वाद घालण्यात मी कुणाला हार जात नाही. फार्मसीला मिळालेली जागा सोडून इथे आले ती त्याच जोरावर, बाबांशी भांडभांड भांडून. ‘वकिली तुला जमायची नाही,’ असं त्यांचं म्हणणं. पण वर्गात हजेरीला साधं ‘येस मॅडम’ म्हणतानाही माझा आवाज दातांपर्यंत यायचा आणि तिथून परत फिरायचा. मूटला उभी राहिले आणि तिथेही असंच झालं, तर बाबांचं खरं ठरणार. उभीच राहिले नाही, तर निदान कुणाला कळणार तरी नाही.

घोळ झाला तो जेवणाच्या टेबलावर. बाबांनी विचारलं, कॉलेजात काय चाललंय? मी तोऱ्यात म्हणाले, “कोर्टात उभं राहायचं की नाही, याचा विचार चाललाय.” बाबांनी आमटी वाढून घेतली. पण शेजारी आत्या बसली होती. ती शिलाईकाम करते, आमच्याच पुढच्या खोलीत तिचं मशीन आहे. माझ्या वाक्यातलं ‘की नाही’ तिने कापून टाकलं आणि उरलेलं गिऱ्हाइकांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे काका छतगळतीची फाइल घेऊन दारात हजर! मी अजून पहिल्या वर्षाला आहे, असं मी म्हटलं. तेव्हा ते म्हणाले, बरंच झालं, म्हणजे तुझ्याकडे वेळ असेल.

आत्याने तर माझ्यासाठी काळा कोट बेतायला घेतला. मला कोट नको, अजून काही ठरलेलं नाही, असं मी तिला दर मापाला सांगत होते. पण तिच्या ओठांत टाचण्या असायच्या. ती फक्त ‘हं’ म्हणायची आणि मला खांद्याला धरून वळवायची.

शेवटी शेवटच्या वर्षाच्या एका ताईला गाठलं. तिला सगळे ‘बॅरिस्टर’ म्हणतात. ती म्हणाली, शनिवारी मूटची निवड फेरी आहे, नुसती बघायला ये आणि मग ठरव. मला हे फारच पटलं. बघण्यात काय धोका असतो?

शनिवारी मी मागच्या बाकावर बसले होते. तेवढ्यात बॅरिस्टर आली आणि म्हणाली, माझी जोडीदार तापाने पडली आहे, तू फक्त शेजारी बसून कागद हातात दे. “तोंड उघडायचं नाही,” असंही म्हणाली. त्या वाक्यावर विश्वास ठेवून मी उठले.

खटला सोपा होता. वादळात एका गॅलरीतली कुंडी पडून खाली उभी असलेली गाडी चेपली. आम्ही कुंडीवाल्याचे वकील. बॅरिस्टर झकास बोलत होती आणि मी कागद देत होते. तेवढ्यात मागचं दार वाजलं. बघते तर काखेत काळा कोट घेतलेली आत्या, मागे फाइल घेतलेले काका. आईने पत्ता दिला होता. आत्या सरळ माझ्या पाठीशी आली, कोट चढवला आणि कुजबुजली, “बाह्या अजून कच्च्या धावदोऱ्यावर आहेत. हात वर करू नकोस.” मग दोघं पहिल्या बाकावर जाऊन बसली.

न्यायाधीश झालेल्या मॅडम म्हणाल्या, आता वादळाच्या मुद्द्यावर दुसऱ्या वकिलांनी बोलावं. जोडीतल्या दोघींनीही बोलायचं, असा नियमच होता. बॅरिस्टरने माझ्याकडे न बघता एक कागद पुढे सरकवला.

मी उभी राहिले. कागदावरची अक्षरं मुंग्यांसारखी पळत सुटलेली. “माननीय...” म्हटलं आणि पुढचा शब्दच सापडेना. मॅडमना दया आली असावी. त्यांनी विचारलं, वारा कुठून आला होता? तोंडातून उत्तर येईना म्हणून मी हाताने दाखवायला गेले. उजवी बाही खांद्यापासून सुटली आणि हात खाली घेताच घसरत मनगटावर येऊन बसली.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

आत्या उठली. टाचण्या ओठांत धरून ती भर कोर्टात माझी बाही लावू लागली. मॅडमनी विचारलं, आपण कोण? तिने टाचण्या काढून सांगितलं, हिची आत्या, तुमचं चालू द्या. आणि विषय कुंड्यांचा निघालाच आहे तर, तिच्या गॅलरीतही कुंड्या आहेत. आभाळ भरून आलं की शहाणा माणूस त्या आत घेतो, हेही तिने मॅडमना सांगून टाकलं. समोरच्या वकिलांनी ते झरझर लिहून घेतलं. आमचा खटला माझ्या सख्ख्या आत्याने बुडवला होता.

“आत्या, थांब. तू आमच्याविरुद्ध बोलतेयस.”

हा आवाज माझाच होता, घरातला. मला थांबता येईना. “त्या दिवशी आभाळ भरलंच नव्हतं. दुपारपर्यंत लख्ख ऊन होतं, वादळ अचानक आलं. तू ऊन बघून कुंड्या आत घेतेस?”

“उन्हात कशाला घेईन?”

“मग त्या माणसाने तरी का घ्याव्यात?”

“खरं आहे तुझं,” आत्या म्हणाली आणि शेवटची टाचणी टोचली. मी मॅडमकडे वळले आणि म्हटलं, आमचं म्हणणं एवढंच आहे.

आम्ही पुढच्या फेरीत गेलो, ते बहुतेक बॅरिस्टरमुळे. मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं, कायदा कच्चा आहे, साक्षीदार मात्र छान हाताळलास. “फक्त मूटमध्ये साक्षीदार नसतात. पुढच्या वेळी लक्षात ठेव.” बॅरिस्टरची जोडीदार बरी होऊन परतणारच होती, तेव्हा ‘पुढच्या वेळी’ म्हणजे मला स्वतःचं नाव द्यावं लागणार होतं.

सोमवारी नाव द्यायला गेले. ऑफिसातल्या बाईंना मी एकच विचारलं, प्रेक्षकांना आत सोडतात का? त्या म्हणाल्या, हो, घरच्यांनाही आणा, तेवढाच धीर येतो.

मी नाव दिलं. घरी येऊन आत्याला सांगितलं, खटल्याला पुढची तारीख पडली आहे. कधीची, ते मात्र मी तिला अजून कळवलेलं नाही.