रेगेकाका आणि खालची पापणी

लग्नाच्या गाठी स्वर्गात बांधल्या जातात, अशी आपल्याकडे थोर समजूत आहे. गाझियाबादच्या आमच्या सोसायटीत त्या आधी दुसऱ्या मजल्यावर रेगेकाकांकडे तपासायला जातात.

काका निवृत्त पॅथॉलॉजिस्ट. लिफ्टमध्ये नमस्कार केला की ते अंगठ्याने तुमची खालची पापणी ओढतात. "फिकट आहे. काय खातोस?" बीट, असं सांगितलं की म्हणतात, "बीट राहू दे. ए-टू केलंस?"

ए-टू हा हिमोग्लोबिनचा एक प्रकार. तो वाढलेला निघाला तर माणूस थॅलेसेमियाचा वाहक. स्वतः ठणठणीत, पण दोन वाहकांच्या पोटी जन्मभर दुसऱ्यांच्या रक्तावर जगणारं मूल येऊ शकतं. म्हणून मंडळाच्या वधूवर मेळाव्यात पत्रिकांच्या टेबलाला खेटून काका स्वतःचं टेबल मांडतात. "छत्तीस तुमचे, सदतिसावा गुण माझा!" त्या सदतिसाव्यापायी जमत आलेली एक-दोन लग्नं फिसकटली. पाठीमागे लोक त्यांना मंगळ म्हणतात. कडक.

माझ्या मुलीने, ईशाने, करोल बागेतल्या करणशी लग्न ठरवलं, आणि त्याच्या घरचे आमच्याकडे आले तेव्हा काका न बोलावता चहाला हजर झाले. करणच्या आईने गुलाबजाम पुढे केला; काकांनी तिची पापणी ओढली.

"डॉक्टरसाब, हमारे यहाँ सब तंदुरुस्त हैं!"

"कॅरिअर तंदुरुस्त ही होता है, बहनजी. यही तो दिक्कत है."

"काका, यार, तुम्ही पण ना!" ईशा म्हणाली. पण दोघांनी मुकाट्याने रक्त दिलं.

पुढच्या रविवारी काका आले आणि कुणाचीही पापणी न बघता खुर्चीत बसले.

"दोघंही," ते म्हणाले.

बायकोने हातातला कप खाली ठेवला. ईशाचा आवाज इतका लहान मी तिच्या शाळेच्या दिवसांनंतर ऐकला नव्हता. "मग मोडायचं?"

"मोडायला काय झालं? दर खेपेला चारात एक शक्यता. दिवस गेले की तिसऱ्या महिन्यात तपासणी करता येते, बाळाला आजार आहे का ते कळतं. सोपं नाही, बिल्कुल नाही. पण मी येईन सोबत."

"मग ती मोडलेली लग्नं?" मी विचारलं.

"त्यांनाही हेच सांगितलं. ते घाबरले." काकांनी गार झालेला चहा उगाच ढवळला. "मीही घाबरलो होतो. आमच्या वेळी ही सोय नव्हती. आम्हा दोघांचे नमुने मीच तपासले, आणि लग्नाला नाहीही मीच म्हणालो."

काका एकटे का राहतात, हे आजवर आम्ही कुणी विचारलं नव्हतं. स्वभाव, असं आपसात ठरवून टाकलं होतं.

"कोण होत्या त्या?" ईशाने विचारलं.

"ए-टू पाच पॉइंट चार," काका म्हणाले. मग चमचा बशीत ठेवून, "कुमुद."

लग्नात काका अंतरपाटाच्या अगदी जवळ उभे होते. शेवटच्या मंगलाष्टकाला त्यांनी अक्षता टाकल्या, डोळे पुसले, आणि मी पाहतोय हे लक्षात येताच घाईघाईने शेजारच्या भटजींची पापणी ओढली.

भटजींचं लोह कमी निघालं.