आवरलं की घंटा

ज्योत्स्नाबाईंचं वर्गातलं पहिलं पाऊल थेट कुणाच्या तरी डब्यावर पडलं. झाकण उडालं, लोणच्याची फोड साडीच्या निऱ्यांवर बसली आणि दुसरीची सगळी मुलं खदखदून हसली. दप्तरं उताणी पडलेली, पेन्सिली बाकांखाली, आणि खिडकीत एक चप्पल.

"भूमिका, ही चप्पल इथं कशी?"

"दुसरी हरवली ना बाई. ही तरी हरवू नये म्हणून वर ठेवली."

बाईंच्या ओठांवर आलेलं वाक्य ओठांवरच राहिलं. चातुर्मासात कुणावरही रागवायचं नाही, असा त्यांचा नेम होता. नेम धरताना आपण दुसरीला शिकवतो हे त्यांच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

राग गिळून, दात न उघडता त्या म्हणाल्या, "ऐका. ज्या क्षणी सगळा वर्ग आवरलेला दिसेल, त्या क्षणी मधली सुट्टी. सगळ्यात छान आवरेल त्यानं घंटा वाजवायची."

"खरी घंटा?"

"खरी."

अंगणातल्या कडुलिंबाला टांगलेला तो रेल्वेच्या रुळाचा तुकडा वाजवायला मिळणं म्हणजे सरपंच होण्यापेक्षा मोठा मान. हा वर्ग नेहमीच्या सुट्टीआधी आवरून होईल, असं बाईंना स्वप्नातही वाटलं नव्हतं. पहिल्या दिवशी जेमतेम झाला. दुसऱ्या दिवशी बराच आधी. मग तर मुलं पसारा करण्याआधीच आवरू लागली. घंटा रोज अलीकडे सरकत सरकत सकाळच्या चहाला जाऊन भिडायला आली.

"बाई, तांदूळ आत्ता धुतले मी!" खिचडी करणाऱ्या सारिकामावशी पळी घेऊनच दारात आल्या. "आता काय, कच्चेच वाढू?"

पाठोपाठ मुख्याध्यापक जीवराम सर आले. "ज्योत्स्नाताई, शाळा आहे की बसस्टँड? मनाला येईल तेव्हा घंटा?"

"मुलांना शब्द दिलाय, सर."

"कधी दिलात?"

"राग आला तेव्हा."

"तुम्ही तर रागवत नाही म्हणे!"

"म्हणूनच द्यावा लागला."

खरा भडका मात्र शाळेमागच्या कपाशीत उडाला. ते शेत झुलालनानांचं, म्हणजे भूमिकाच्या आजोबांचं. निंदणीला बाया रोजानं येत. नानांचं घड्याळ कायम मागे आणि बायांच्या पुढारी बेबाबाईंचा मोबाइल कायम पुढे, म्हणून दरवर्षी भाकरीच्या सुट्टीवरून भांडण व्हायचं. शेवटी ठरलं होतं, शाळेची घंटा ती खरी. आता घंटा झाली की बाया विळे ठेवून बांधावर बसत.

"आत्तेच तं कामले लागन्यात तुम्ही!" नाना गरजले. "गवत कपाशीना वर जाई राह्यनं, आन तुम्हले भाकर सुचस?"

"घंटा व्हयनी, नाना," बेबाबाईंनी चटणीचा कागद उलगडला. "बोली म्हणजे बोली शे."

नाना तरातरा शाळेत आले. "मास्तर! बठ्ठी कपाशी गवतमा बुडी राह्यनी. घंटा येळवर वाजाडा, नहीतं तो रूळच काढी लई जासू!"

"उद्यापासून घंटा माझ्या हातात," सर नानांना घेऊन वर्गात येत म्हणाले. "विषय संपला."

 भूमिकानं विचारलं, "बाई, म्हणजे आता पसारा करायचा का?" आणि सगळ्यांचे हात दप्तरांकडे गेले.

बाईंचा चेहरा लाल झाला, आवाज मात्र आणखी खाली आला. "घंटा घ्या, सर. पण शब्द फक्त लहानांनी पाळायचा असतो, एवढं या मुलांना तुम्हीच समजावून सांगा."

सरांनी त्या नीट मांडलेल्या बाकांकडे पाहिलं. "ठीक आहे. पण उद्या नेहमीच्या वेळेआधी घंटा झाली आणि नानांची तक्रार आली, की घंटा मी घेणार."

घरी जाताना वाटेत नानांनी नातीला विचारलं, "इतली लवकर घंटा व्हसच कशी वं?"

"वर्ग आवरला की होते."

"आन नही आवरा तं?"

"मग नाही होत."

आठवडाभरात नाना पहिल्यांदा हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते ओल्या शेंगांचं पोतं खांद्यावर घेऊन वर्गात हजर. "लेकरंसले खाऊ," म्हणत त्यांनी मधोमध ढीग ओतला. पाहता पाहता टरफलांनी फरशी झाकून टाकली. दप्तरांत टरफलं, केसांत टरफलं. नाना रिकामं पोतं घेऊन दारात पाय पसरून बसले. बाईंना डाव कळला होता. रागानं त्यांचे कान तापले होते, पण शेंगा वाटणाऱ्या म्हाताऱ्याला बोलायचं तरी काय?

शेवटचा दाणा चावत भूमिका उठली. ओंजळभर टरफलं गोळा करून नानांपुढे उभी राहिली. "नाना, ही तुमची."

पोत्यात कुणी काही टाकायला आलं की शेतकऱ्याचे हात आपोआप पोत्याचं तोंड धरतात. नानांनीही धरलं. मागे रांगच लागली. "अय, बाहेर नको सांडू! दाबी दाबी भर!" नाना सवयीनं सांगत राहिले. कोपऱ्यातली टरफलं तर त्यांनी स्वतःच वाकून वेचली. पोतं भरलं, फरशी लख्ख झाली, आणि सुट्टीला अजून खूप अवकाश होता.

"आज सगळ्यात छान कुणी आवरलं?" बाईंनी शांतपणे विचारलं.

"झुलालनानांनी!"

"मी? नही वं, बाई..."

पण भूमिकानं त्यांचं बोट धरलं होतं आणि सगळा वर्ग टाळ्या पिटत होता. नातीचा फुललेला चेहरा पाहून नानांना नाही म्हणवेना. ते कडुलिंबाखाली गेले, आणि बाईंवरचा, मास्तरांवरचा, स्वतःवरचा सगळा राग त्यांनी त्या रुळावर काढला. रूळ थरथरला, झाडावरचे कावळे उडाले. तक्रार ऐकायला सर कार्यालयाच्या दारात येऊन उभे राहिले, पण तक्रार करणारा घंटा वाजवत होता.

कपाशीत बेबाबाईंनी मान उंचावून पाहिलं आणि विळा खाली ठेवला.

"चला वं बायाहो, भाकर काढा. आज तं खुद्द नानानीच वाजाडी!"