मंजुबेनच्या नावाचं पत्र

कुणाच्या घरी मयत झालं की मनसुखभाई दहाव्याच्या आत हजर. हात जोडून टेकतात आणि मग हळूच विचारतात, "शेअर कुनाच्या नावावर होता?"

माणसं भडकणार नाहीत तर काय! पळस्प्याच्या एका म्हातारीनं त्यांना अंगणातूनच हाकललं होतं. "राख पन नाय निवली अजून, आन् तुमी कागद मागता?" आठवड्यात तीच बाई पिशवीभर कागद घेऊन त्यांच्या ऑफिसात. जमिनीच्या पैशातून नवऱ्यानं घेतलेले शेअर होते. मनसुखभाईंनी सगळे फॉर्म भरले आणि दलाली घेतली नाही.

मला हे ठाऊक, कारण माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या जिन्याखाली. पनवेलात कोण गेलं ते मला वर्तमानपत्राआधी कळतं. मृत्यूच्या दाखल्यांच्या कॉप्या काढून काढून माझं मशीन म्हातारं झालं.

भाई विशीत जामनगरहून आले, शेअरदलाल झाले. पन्नास वर्षांत पनवेलात दोन खोल्या केल्या, पण मराठीतला 'ण' काही त्यांना गवसला नाही. येईल त्याला एकच उपदेश: "मेलेल्या मानसाचा नाव कागदावर ठेवू नको. बाजार कुनासाठी रडत नाय. काय समजला?"

आता लोक मोबाईलवरच शेअर घेतात, त्यामुळे वरच्या ऑफिसात भाई आणि पंखा, दोघंच. त्यात यंदा डोळ्याच्या डॉक्टरांनी बजावलं, ऑपरेशन लगेच करा, नाहीतर नजर जाईल. पैसे म्हणाल तर कपाटातल्या जुन्या शेअरमध्ये. त्यावर पहिलं नाव बायकोचं, मंजुबेनचं, दुसरं ह्यांचं. मंजुबेनला जाऊन सहा वर्षं झाली. त्यांचं नाव कमी केल्याशिवाय शेअर विकता येत नाहीत, आणि हा गृहस्थ ते करीत नव्हता!

मी सरळ वर जाऊन झापलं. "गावाला अक्कल शिकवता, आणि स्वतः आंधळे होणार?"

दुसऱ्या दिवशी भाई भिंत चाचपत खाली आले. मंजुबेनच्या मृत्यूचा दाखला पुढे केला. मी तो काचेवर ठेवला, बटणाकडे हात नेला, तेवढ्यात नव्या पोस्टमननं जिन्यातून हाक मारली, "मंजुबेन! ओ मंजुबेन! पत्र आहे!"

"आली, आली," मंजुबेनच्या वतीनं भाईच म्हणाले.

शेअरच्या कंपनीचं दरवर्षी येणारं पत्र. ते छातीशी धरून त्यांनी काचेवरचा दाखला उचलला आणि घडी करून खिशात घातला.

"भाई, डोळा जाईल हो!" माझा आवाज चढला.

"वर्षातून एक वेळा तिला कुनीतरी बोलावते. नाव काढला तर पत्र माझ्या नावावर येनार." मग त्यांनी पाकीट माझ्यापुढे धरलं. "मला दिसत नाय. वरती काय लिवलाय, वाच ना."

मी मोठ्यानं वाचलं, "श्रीमती मंजुबेन मनसुखलाल."

"अजून एक वेळा."

तीन गिऱ्हाईकं खोळंबली होती. मी पुन्हा वाचलं.