आलेखातला खड्डा

गणतीच्या बारा वर्षांच्या बारा याद्या जोडून कारकून बुरुलचाने संगणकावर गावाच्या लोकसंख्येचा आलेख काढला, न पाहताच जिल्ह्याला पाठवला, आणि मग पाहिला. सहाशे चाळीसच्या आसपास शहाण्यासारखी चालणारी रेघ सातव्या वर्षी थेट एकोणीसवर कोसळली होती. आठव्या वर्षी पुन्हा वर.

"म्हणजे सहाशे माणसं मेली आणि वर्षात परत जन्मली?" गावप्रमुख एसेनकान म्हणाले. "बाई, शाळा घालवलीस."

तीनशे माणसांखालच्या गावांच्या शाळा बंद होत होत्या. बुरुलचाच्या दोन्ही मुली तिथेच शिकत. दुसरी शाळा घाटापलीकडे, चाळीस किलोमीटरवर.

तिने जुनी वही चाळली. त्या वर्षीच्या कारकुनाने गणती जुलैत केली होती, आणि जुलैत सारं गाव मेंढरं घेऊन डोंगरावरच्या कुरणात असतं. चूक सापडली, पण तोवर जिल्ह्याचा निरीक्षक कुबात दारात उभा होता. आताही जुलैच होता.

कुबातने गावभर फिरून एक बहिरी आजी आणि दोन कुत्री शोधली.

"एकोणीस माणसांचं वर्ष तेवढं खरं दिसतंय," तो म्हणाला. "बाकीची अकरा कुणी रचली?"

"माणसं वर आहेत, साहेब. चला, दाखवते." बुरुलचा म्हणाली.

वर पहिल्या तंबूत पाहुण्यासाठी मेंढरू कापलं गेलं. पाहुणा आला की शेजारपाजार जेवायला जमणारच. कुबातने साठ माणसं मोजली. दुसऱ्या तंबूत दुसरं मेंढरू, पुन्हा साठ. दोन्हीकडे तोच दात पडलेला म्हातारा हाड चोखत होता. आता हा ओळखणार, बुरुलचाला वाटलं. पण कुबात घोडीच्या आंबवलेल्या दुधाच्या चौथ्या वाडग्यात बुडाला होता. तीन दिवसांत अठरा तंबू झाले.

"एक हजार ऐंशी," तो ढेकर देत म्हणाला. "लेकुरवाळं गाव आहे तुमचं."

आठवड्याने जिल्ह्याचा फोन आला. बुरुलचा रिसीव्हर ठेवून एसेनकानकडे वळली.

"शाळेला वरचा मजला मिळाला, दादा. पण पुढच्या वर्षी राजधानीचे लोक मोजायला येणार. जास्तीची साडेचारशे माणसं आणायची कुठून?"

"जुलैतच येणार?"

"हो."

"जेवणार?"

"जेवतील की."

"मग माणसांचा घोर सोड," एसेनकान म्हणाले. "मेंढरं मोजायला घे."