गिरजामायचं नाक

उन्हाळ्यात वाळवणाचे दिवस आले की आमच्या गल्लीतली गिरजामाय सकाळी उठून धाब्यावर, घराच्या सपाट मातीच्या छपरावर, चढायची, पदर कमरेला खोचायची आणि नाक वर करून उभी राहायची. चूल पेटलेली नसो, तोंड धुतलेलं नसो, आधी वारा हुंगायचा. मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात हुकूम सुटायचा, "घाला वं बायांनो, आज ऊन हाय!" नाहीतर, "आज कोनी कायी घालू नका, धुपट येऊन राह्यलं!" एवढं झाल्यावरच ती खाली उतरून भाकरीचा तुकडा मोडायची. त्याआधी पाण्याचा घोटही नाही.

मी रिसोडची. लग्न होऊन अनसिंगला आले तेव्हा मला वाटलं, म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झालाय. पण गल्लीतल्या बायका तिला विचारल्याशिवाय पापडाचं पीठसुद्धा भिजवत नव्हत्या. शेजारची खातूनबी शेवयांचा साचा हातात धरून खालून विचारायची, "माय, करू का शुरू?" आणि माय वरून मान हलवायची. एकदा एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची तिथी काढायला तिच्याकडं आले. माय म्हणाली, "लगन भटाले इचारा. वायवन मले इचारा."

कोणी कौतुक केलं की तिचं ठरलेलं उत्तर असे, "वारा सांगून राह्यला, मी कोन?" हा विनय मात्र वाऱ्यापुरताच. एरवी तिच्या जिभेला हाड नव्हतं. माझं वरण लागलं की दोन घरं पलीकडून आवाज यायचा, "रिसोडवाली, गंजाकडं पाय!" मी मनातल्या मनात तिच्या नाकाला शिव्या द्यायची आणि धावत जाऊन वरणाचा गंज चुलीवरून उतरवायची.

धुराची तिला एवढी धास्ती का, ते सासूबाईंनी सांगितलं. आमच्याकडं मोहफुलं वेचायला सोपी जावीत म्हणून लोक झाडाखालचा पाला पेटवतात. पाला काही माणसाचं ऐकत नाही, वणवा जंगलभर फिरतो. गिरजामायच्या एकुलत्या एका लेकीचं, शांतेचं, लग्न ठरलं होतं. रुखवताच्या कुरड्या धाब्यावर वाळत होत्या. त्या दिवशी भर उन्हाळ्यात गार वारा सुटला, मायला बरं वाटलं आणि तिचा डोळा लागला. धूर आला तो ओल्या कुरड्यांनी पिऊन घेतला. पंगतीत जावयाच्या थोरल्या भावानं घास थुंकला आणि म्हणाला, "कुरड्या काय मसनात वायवल्या?" आपली चूक होती, गप्प बसावं की नाही? माय म्हणाली, "तुमच्याच नाकात राख भरली असंन!" झालं. वऱ्हाड जेवण टाकून उठलं. शांता सासरी गेली ती गेलीच, त्यांनी तिला पुन्हा माहेरी पाठवलं नाही. माय दोनदा गाडी घेऊन गेली, तर दारातूनच परत लावली.

तेव्हापासून मायचा गार वाऱ्यावर दात. "उन्हायात गार हवा म्हंजे जंगलावरून आली," ती म्हणायची, "अन् जंगलावरून नुसती हवा येत नाई."

माझ्या नणंदेचं, कुसुमचं, लग्न ठरलं तेव्हा लढाईचे दिवस होते. रॉकेल नाही, साखर नाही, पण कुरड्या नाहीत असं लग्न कोणी ऐकलं नव्हतं. त्यात कुसुमची सासू नाव ठेवण्यात पटाईत. आम्ही गहू भिजवले, वाटले, चीक काढला. ज्या सकाळी चीक शिजवायचा त्याच सकाळी असा सुंदर वारा सुटला की अंगावर काटा यावा. सासूबाई खूश. तेवढ्यात वरून हुकूम आला, "आज नका घालू!"

"चीक आंबून जाईन नं, माय!" सासूबाई ओरडल्या. "ऊन पाय कसं लखलखीत पडलं!"

"ऊन पाऊ नको, वारा पाय!"

सासूबाईंनी ऐकलं नाही. गरम चिकाचं पातेलं घेऊन आम्ही दोघी शिडीपाशी आलो, तर गिरजामाय आमच्या आधी येऊन शिडीच्या दुसऱ्या पायरीवर बसलेली. दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरून.

"उठ!"

"नाई उठत. माह्या अंगावरून जाय."

"लगन माह्या पोरीचं हाय का तुह्या?"

मायनं शिडी सोडली नाही. मग हळूच म्हणाली, "माह्या पोरीचं झालं नं बाई एकदा." सासूबाईंनी पातेलं खाली ठेवलं.

मग मायनंच सूत्रं हाती घेतली. माजघरात बाजा टाकल्या, त्यांवर धुतलेली धोतरं अंथरली, सोऱ्यानं कुरड्या तिथंच घातल्या. दारं लावली. दाराखालच्या फटीत ओली फडकी कोंबली. खातूनबीनं आपल्या शेवया मुकाट्यानं घरात नेल्या. आम्ही घामानं निथळत होतो आणि सासूबाई पुटपुटत होत्या, "धूर आला नाई त हिले शिडीलेच बांधतो."

दुपारी धूर आला. आधी ऊन पिवळं पडलं, मग डोळे चुरचुरायला लागले. पलीकडच्या गल्लीत बायकांची पळापळ झाली. आमच्या कुरड्यांना मात्र वास लागला नाही. सासूबाई नाक लावलावून हुंगत होत्या आणि हसत होत्या. त्यांनी वाटीभर चीक गूळ घालून माझ्या हाती दिला, "जाय, बुढीले दे. सकायपासून उपाशी असंन."

माय घरात नव्हती. धाब्यावर उभी होती, मानोऱ्याकडच्या जंगलाच्या दिशेला तोंड करून. धूर अंगावर येत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी ती नाक वर करून एकेक श्वास मोजून मापून घेत होती.

"माय, खाली चला," मी म्हटलं. "कुरड्या वाचल्या. तुमच्यामुळं वाचल्या."

"थांब जराशी."

"आता काय हुंगता? धूर तर आलाच की."

"धूर आला. पन कायचा आला?" ती म्हणाली. "शांतेचं गाव जंगलाले लागून हाय. कुडाचं घर, वरतं गवत. घर जयलं त त्यात जवारी जयते, चिंध्या जयतात. तो वास अलग येते."

इतकी वर्षं ती रोज सकाळी गल्लीसाठी हवा बघते असं आम्ही समजत होतो. मी वाटी धरून तिच्याशेजारी उभी राहिले आणि मीही नाक वर केलं. मला नुसता धूर लागला.

बऱ्याच वेळानं तिनं पदरानं डोळे पुसले.

"पाला हाय," ती म्हणाली. "मोहाखालचा पाला जयून राह्यला. घर नाई."

मग तिनं माझ्या हातातली वाटी घेतली आणि तिथंच बसून खायला लागली.